टाकीत पाणी येतं कुठून? एअर कॉम्प्रेसरची ऋतूप्रमाणे देखभाल

पंक्चरच्या दुकानात सकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक सोडला की आधी तांबूस पाण्याची पिचकारी उडते आणि मग हवा येते. बघणाऱ्याला प्रश्न पडतो: टाकीत भरली हवा, मग हे पाणी कुठलं? टाकी बंद, पाइप बंद, आणि कोणी पाणी ओतलेलंही नाही.

या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की कॉम्प्रेसरच्या देखभालीतलं निम्मं काम आपोआप समजतं. चंद्रपूर-गडचिरोलीत तर ते समजून घ्यायलाच हवं, कारण या दोन जिल्ह्यांत कॉम्प्रेसरवर अडलेली कामं फार आहेत. सूरजागडचं लोहखनिज घेऊन आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने जाणाऱ्या ट्रकांना टायरवाला लागतो, आणि त्या ट्रकांचे ब्रेकही दाबाच्या हवेवरच लागतात. मूल आणि देसाईगंजच्या राईस मिलमध्ये तांदूळ निवडणारं सॉर्टेक्स यंत्र हवेवर चालतं. उघड्या कोळसा खाणींत सुरुंगाची भोकं पाडणारी ड्रिल मशीन भोकातला चुरा हवेच्या झोताने वर फेकते. दुर्गापूरच्या २९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी कित्येक व्हॉल्व्हची उघडझापच हवेवर होते.

मोठ्या कारखान्यात हे सांभाळायला इंजिनिअर असतात, हवा सुकवणारी यंत्रं असतात. हे प्रकरण आहे ते टायरवाल्याच्या, गॅरेजवाल्याच्या आणि लहान गिरणीच्या कॉम्प्रेसरबद्दल. तिथे मालकच मिस्त्री आणि मालकच तपासनीस असतो.

१. कॉम्प्रेसर करतो काय?

पिस्टन खाली जातो तेव्हा बाहेरची हवा फिल्टरमधून आत ओढली जाते. पिस्टन वर येतो तेव्हा तीच हवा दाबून टाकीत ढकलली जाते. आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटेवर पातळ पोलादी पट्ट्यांचे व्हॉल्व्ह असतात. ते हवेला एकाच दिशेने जाऊ देतात. टाकीत ठरलेला दाब झाला की प्रेशर स्विच मोटर बंद करतो, दाब उतरला की पुन्हा चालू करतो.

इथे एक बारकावा लक्षात ठेवू. गेजचा काटा शून्यावर असतो तेव्हाही टाकीत हवा असते, बाहेर असते तेवढीच. म्हणून गेजवर ७ किलो, म्हणजे साधारण १०० पाउंड दाब दिसतो तेव्हा टाकीत नेहमीच्या आठपट हवा कोंबलेली असते. एक मूळची आणि सात भरलेली. पुढच्या सगळ्या हिशेबात हा आठ आकडा येणार आहे.

२. पाण्याचा हिशेब

हवेत पाण्याची वाफ कायम असते, पण हवेची वाफ धरून ठेवण्याची ताकद मर्यादित असते. ही ताकद दाबावर ठरत नाही. ती जागेवर आणि तापमानावर ठरते. एक घनमीटर जागेत ३० अंशांना साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, ४५ अंशांना ६५ ग्रॅम आणि १२ अंशांना जेमतेम ११ ग्रॅम.

लग्नघराचं उदाहरण घ्या. गल्लीत आठ घरं आहेत. प्रत्येकात ३० खाटा आणि २६ पाहुणे. सगळे आरामात झोपले आहेत. आता आठही घरांतले पाहुणे एकाच घरात आणले, तर पाहुणे झाले २०८ आणि खाटा राहिल्या ३०च. उरलेल्या १७८ जणांना जमिनीवर झोपावं लागणार. कॉम्प्रेसर हेच करतो. आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबतो. ज्या वाफेला जागा उरत नाही ती पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते.

हे आकडे मनचे नाहीत. श्रावणातल्या झडीत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर प्रत्येक घनमीटरात सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. आठ घनमीटर दाबले की १७८ ग्रॅम, म्हणजे १७८ मिलिलिटर पाणी सुटतं.

हाच हिशेब मे महिन्यातल्या दुपारी करून पाहू. हवा ४५ अंश, आर्द्रता १५ टक्के. घनमीटरात वाफ सुमारे १० ग्रॅम. आठचे झाले ८०, त्यातले ६५ मावतात. पाणी सुटलं फक्त १५ मिलिलिटर.

आणि पौषातल्या पहाटे? हवा १२ अंश, धुकं, आर्द्रता ९० टक्के. वाफ पुन्हा सुमारे १० ग्रॅमच. आठचे ८०, पण मावतात फक्त ११. पाणी सुटलं ६९ मिलिलिटर. थंडीत हवा कोरडी म्हणून कॉक सोडायला नको, असं अनेकांना वाटतं. हिशेब सांगतो की थंडीच्या पहाटे उन्हाळ्यातल्या दुपारच्या चौपटीहून जास्त पाणी पडतं.

आता दिवसाचा अंदाज. मिनिटाला ३०० लिटर हवा देणारा कॉम्प्रेसर दिवसभरात मिळून तीन तास चालला, तर ५४ घनमीटर हवा ओढतो. झडीच्या दिवशी तिच्यातून सुमारे १.२ लिटर पाणी सुटतं, मे महिन्यात जेमतेम १०० मिलिलिटर. सगळं टाकीतच थांबतं असं नाही. यंत्र चालू असताना टाकी गरम असते, त्यामुळे काही वाफ हवेबरोबर पाइपात जाते आणि पुढे कुठेतरी थंड होऊन पाणी होते.

३. ते पाणी कुठे जातं?

टायरमध्ये गेलं तर रिम आतून गंजते. रंगाच्या गनमध्ये गेलं तर दरवाजावर फोड येतात. ट्रकचा स्वतःचा लहान कॉम्प्रेसर ब्रेकच्या टाक्या भरतो, त्या टाक्यांतही हेच पाणी साठतं. पाण्याने टाकीतली हवेची जागा कमी होते आणि गंज व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. म्हणून जाणता ड्रायव्हर गाडीखालचे ड्रेन ओढल्याशिवाय घाटाला लागत नाही.

सर्वांत नाजूक गिऱ्हाईक म्हणजे राईस मिल. सॉर्टेक्समध्ये धारेने पडणारा प्रत्येक दाणा कॅमेरा पाहतो. काळा, पिवळा किंवा डागी दाणा दिसला की बारीक नळीतून हवेचा फटका बसतो आणि तेवढाच दाणा बाजूला उडतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून तयार केलेल्या एचएमटीसारखा बारीक तांदूळ असेल, तर चार काळे दाणेही भाव पाडतात. फटका देणारा व्हॉल्व्ह सेकंदात कित्येक वेळा उघडतो. त्यात पाणी, तेल आणि कोंड्याची धूळ यांचा चिखल बसला की तो चिकटतो. मग काळा दाणा तांदळात राहतो, नाहीतर चांगला तांदूळ बाहेर फेकला जातो.

म्हणून मिलमध्ये टाकीनंतर ड्रायर बसवतात. त्यात फ्रिजसारखी यंत्रणा असते. ती हवेला ३ अंशांच्या आसपास थंड करते, जास्तीचं पाणी तिथेच पाडते आणि काढून टाकते. ड्रायर असला तरी टाकीचा कॉक सोडावा लागतोच. सगळा भार ड्रायरवर टाकला तर पावसाळ्यात तो पुरा पडत नाही.

४. टाकी: कॉक, गंज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह

पाणी काढायची उत्तम वेळ सकाळची, यंत्र चालू करण्याआधीची. रात्री टाकी थंड झाल्यावर उरलेली वाफही पाणी होऊन तळाशी आलेली असते. टाकीत थोडा दाब असावा म्हणजे पाणी जोराने निघतं. कॉक हळू उघडा, फक्त हवा येऊ लागली की बंद करा. झडीच्या दिवसांत दुपारी आणि संध्याकाळीही सोडा. टाकी ड्रेनच्या बाजूला किंचित कलती ठेवली तर पाणी मागे राहत नाही.

पाण्याचा तांबूस रंग हा टाकीचाच पत्रा आहे, थोडाथोडा गंजून बाहेर येणारा. गंज तळाशी, आतून लागतो. बाहेरचा रंग चकचकीत असताना आतला पत्रा अर्धा झालेला असू शकतो. दाबाची हवा ताणलेल्या स्प्रिंगसारखी ताकद साठवून ठेवते, त्यामुळे असा पत्रा फाटला तर टाकी फुटते.

यासाठी चार नियम आहेत. पहिला, टाकीला बारीक छिद्र पडलं तर वेल्डिंगचं ठिगळ लावायचं नाही. एका छिद्राभोवतीचा पत्राही तेवढाच पातळ झालेला असतो. टाकी बदलायची. दुसरा, जास्तीचा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा, टाकीत दाब असताना, तोंड बाजूला ठेवून ओढून पाहायची. हवा फुसकन सुटली आणि कडी सोडताच बंद झाली तर व्हॉल्व्ह ठीक. तिसरा, तो व्हॉल्व्ह गळतो म्हणून तिथे बोल्ट ठोकायचा नाही. चौथा, टाकी रिकामी असताना गेजचा काटा शून्यावर येतो का ते पाहायचं. शून्य न दाखवणारा गेज सातही खरा दाखवणार नाही.

टाकीची पक्की परीक्षा पाण्याने होते. टाकी पाण्याने पूर्ण भरून साधारण कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात ताकद फारशी साठत नाही. टाकी फाटलीच तर पाणी गळतं, स्फोट होत नाही. म्हणूनच ही परीक्षा हवेने कधी करायची नाही. १९४८च्या कारखाना कायद्यात दाबाच्या यंत्रांसाठी वेगळं कलम ३१ ठेवलं गेलं ते याच धोक्यामुळे. रस्त्याकडेच्या दुकानात तपासायला सहसा कोणी येत नाही, पण धोका तेवढाच असतो.

५. नवतपा आणि ऑइल

सायकलला पंप मारताना पंपाचं तोंड तापतं. हवा दाबली की ती गरम होते. कॉम्प्रेसरमध्ये हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. ४५ अंशांची हवा एका दमात आठपट दाबली, तर कागदावरच्या गणिताप्रमाणे ती ३०० अंशांपर्यंत जाते. हेडच्या पंखांतून काही उष्णता निघून जाते म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी असतो, तरी ऑइल जळायला तो पुरेसा आहे.

यावर उपाय म्हणून दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर निघाला. मोठा सिलिंडर हवा साधारण २.८ पट दाबतो. मग ती हवा पंखांच्या नळीतून जाऊन निवते. लहान सिलिंडर ती पुन्हा २.८ पट दाबतो. २.८ गुणिले २.८ म्हणजे जवळपास आठ, पण दर खेपेला तापमान कागदावर १५५ अंशांच्या आसपास थांबतं. ट्रकच्या टायरसाठी शंभर पाउंडांच्या वर दाब लागतो, म्हणून टायरवाल्याकडे बहुधा असाच कॉम्प्रेसर असतो. मधल्या नळीच्या पंखांत धूळ आणि तेलाचा थर बसला तर हवा निवत नाही आणि दोन सिलिंडरांचा फायदा संपतो. दर पंधरवड्याला ते पंख कोरड्या ब्रशने साफ करावेत.

नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. अशा वेळी कॉम्प्रेसर चोरीच्या भीतीने बंद खोलीत कोंडू नये. भिंतीपासून हातभर दूर, सावलीत, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावा. ४५ऐवजी ३५ अंशांची हवा आत गेली तर त्याच फेऱ्यांत सुमारे ३ टक्के जास्त हवा मिळते.

ऑइल कॉम्प्रेसरचंच घाला. इंजिन ऑइलमध्ये काजळी तरंगत ठेवणारी द्रव्यं असतात. इंजिनात ती काजळी फिल्टर पकडतो. लहान कॉम्प्रेसरमध्ये ऑइल फिल्टर नसतो, आणि ही द्रव्यं पाण्यालाही धरून ठेवतात. जळक्या ऑइलचा कोळसा व्हॉल्व्हवर साठला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गरम हवा परत सिलिंडरमध्ये येते, ती पुन्हा दाबली जाते, आणखी तापते आणि आणखी कोळसा तयार होतो.

ऑइल कधी बदलायचं? कंपनीची पुस्तिका तासांत सांगते. समजा ५०० तास लिहिलं आहे आणि यंत्र रोज तीन तास चालतं. ५०० भागिले ३ म्हणजे १६६ दिवस, साडेपाच महिने. पण एटापल्ली-भामरागडकडच्या एखाद्या लहान दुकानात यंत्र दिवसाला पंधरा मिनिटंच चालत असेल, तर तासांचा हिशेब फसवतो. थोडा वेळ चालणारं यंत्र पुरेसं तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये उतरलेली वाफ उडून जात नाही. पावसाळ्यात ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं ऑइल दुधासारखं पांढुरकं दिसू लागतं. असं दिसलं की तास न मोजता ऑइल बदलायचं. जास्त चालणाऱ्या यंत्राचं ऑइल जळून बिघडतं, कमी चालणाऱ्याचं पाण्याने.

६. घुग्घूसची धूळ, मूलचा कोंडा

फिल्टरबद्दल पुस्तिकेतला आकडा स्वच्छ जागेसाठी असतो. घुग्घूस, राजुरा, गडचांदूरच्या पट्ट्यात कोळशाची आणि सिमेंटची धूळ उडते. राईस मिलमध्ये कोंडा आणि तूस. भाताच्या तुसात सिलिका असते आणि ती सिलिंडरला पॉलिश पेपरसारखी घासते. अशा जागी फिल्टर आठवड्याला उघडावा, धानाचा हंगाम जोरात असताना तर दोन दिवसांनी. कागदी फिल्टर आतून बाहेर, हलक्या हवेने फुंकायचा. बाहेरून फुंकला तर धूळ कागदात आणखी रुतते. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवायचा. मिलमध्ये हवा ओढणारा पाइप भिंतीबाहेर, कोंड्याच्या विरुद्ध बाजूला काढला तर फिल्टरचं काम निम्म्यावर येतं.

फिल्टर उघडाच असताना एक तपासणी होते. यंत्र चालू करून तोंडाजवळ हात धरा. हवा फक्त ओढली जायला हवी. मधूनमधून ती हातावर उलटी फुंकली जात असेल, तर आत घेणारा व्हॉल्व्ह गळतो आहे.

७. वीज, पट्टा आणि बाण

कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा ‘फुस्स’ असा आवाज येतो. हेडमध्ये अडकलेली हवा सोडल्याचा तो आवाज आहे. ती सुटली नाही तर पुढच्या वेळी मोटरला भरलेल्या दाबाविरुद्ध सुरुवात करावी लागते. गावाकडे व्होल्टेज आधीच कमी, त्यात हा भार, मग मोटर नुसती गुणगुणते आणि वाइंडिंग जळतं. हा आवाज बंद झाला की त्याच दिवशी प्रेशर स्विचकडे बघा.

थ्री-फेज मोटर असेल तर डीपीवर दुरुस्ती झाल्यानंतर चाकावरचा बाण जरूर पाहा. दोन फेजची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. टाकी तरीही भरते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण मोठ्या चाकाचे आरे पंख्याचं काम करतात आणि वारा सिलिंडरवर टाकतात. चाक उलटं फिरलं की वाऱ्याची दिशाही उलटते आणि सिलिंडर तापू लागतो.

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर बोटाच्या रुंदीइतका दबावा. त्याहून ढिला असेल तर घसरतो, ताठ असेल तर बेअरिंग खातो. मात्र पट्ट्याला हात लावण्याआधी मेन स्विच काढा. यंत्र थांबलेलं दिसत असलं तरी दाब उतरला की ते विचारल्याशिवाय सुरू होतं.

८. वर्षाचं वेळापत्रक

हवा बदलते तशी देखभाल बदलावी. मृगाआधी ऑइल बदला, ड्रेन कॉक मोकळा करा, टाकीचे पाय कोरड्या विटांवर घ्या. पट्टा, व्हॉल्व्ह प्लेट, गॅस्केट आणि एक डबा ऑइल आणून ठेवा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि तेव्हा नागपूर-चंद्रपूरहून पार्ट मागवता येत नाही. पावसाळाभर दिवसातून तीनदा पाणी काढा आणि ऑइलची काच पाहा. दसऱ्यानंतर धानाच्या हंगामात फिल्टरकडे लक्ष द्या. थंडीत सकाळचा कॉक चुकवू नका. होळीनंतर हेड उघडून व्हॉल्व्हवरचा कोळसा काढून घ्या, म्हणजे नवतप्यात यंत्र कमी तापेल.

९. दोन चाचण्या

मिस्त्रीला कधी बोलवायचं हे ठरवायला घड्याळ आणि वही पुरते. दोन्ही चाचण्या महिन्यातून एकदा करा.

पहिली चाचणी भरण्याची. टाकी रिकामी करा, कॉक बंद करा आणि शून्यापासून ७ किलोपर्यंत जायला किती वेळ लागतो ते पाहा. टाकी २२० लिटरची असेल तर सातपट म्हणजे १५४० लिटर हवा भरली गेली. पाच मिनिटं लागली तर मिनिटाला ३०८ लिटर. पुढे त्यालाच साडेसात मिनिटं लागू लागली तर मिनिटाला २०५ लिटर, म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली. तरी वीज मिनिटाला जवळपास पूर्वीइतकीच जळते आहे.

दुसरी चाचणी गळतीची. टाकी भरून मोटरचा स्विच काढा, कुठेही हवा वापरू नका आणि दहा मिनिटं थांबा. काटा ७ वरून ६ वर आला तर २२० लिटर हवा गेली, म्हणजे मिनिटाला २२ लिटर. मिनिटाला ३०० लिटर देणाऱ्या यंत्राची ७ टक्के मेहनत वाया. जोडांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडा येईल तिथे गळती.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. भरायचा वेळ वाढला आणि गळती पूर्वीइतकीच असेल, तर आधी फिल्टर आणि पट्टा पाहा. ते ठीक असतील तर दोष व्हॉल्व्ह किंवा पिस्टनच्या रिंगमध्ये आहे. मिस्त्रीला हेड उघडायला सांगा, पण त्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा. गळती वाढली असेल तर हेडला हात लावू नका, पाइप आणि जोड तपासा. दोन्ही आकडे जुनेच असून मोटर तापत असेल, तर दोष बहुधा विजेचा आहे. वायरमनला बोलवा.